सावलीचे भय

शनिवार पेठेत शनिवारवाड्यापाशी आलो, की सोबतचा कोणीतरी नारायणराव पेशव्याची गोष्ट काढतोच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याचा इथे खून झाला. त्याची किंकाळी अजून ऐकू येते, अशी लोकसमजूत. मी भयकथांचा जुना वाचक; पण इथे मला दुसरेच भय आठवते. पेशवाईत याच पुण्यात आमच्या पूर्वजांच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते. त्यांच्या सावलीचाही विटाळ होई. त्यांचे भूत मात्र कोणाला दिसत नाही!

बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे नोंदवले, आणि जात मोडण्याचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला. त्याच वर्षी अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टची 'द शॅडो ओव्हर इन्समाउथ' पुस्तकरूपाने आली. तिच्यातले भय कशाचे? रक्तसंकराचेच! समुद्रातल्या प्राण्यांशी सोयरीक केलेले गाव तो किळसेने रंगवतो. त्याची वातावरणनिर्मिती मी मानतो. ती वाचून रात्री दिवा मालवायला भ्यालो आहे. पण शेवटी निवेदकाला कळते, की तेच रक्त आपल्याही अंगात आहे. लेखकाला जिथे भय दिसले, तिथे मला माणुसकीची वाट दिसते. ज्याच्या सावलीला समाज भ्याला, त्याच्या वंशजाने भयकथा अशीच वाचली पाहिजे.