'होय साहेब' म्हणण्यापूर्वी

तालुक्याच्या कोर्टात आपण कधी ना कधी गेला असाल. साक्षीला म्हणा, बांधाच्या भांडणापायी म्हणा. तिथे एक प्रश्न कानी पडतो, "गुन्हा कबूल आहे का?" आणि पुष्कळदा त्या गर्दीत बावरलेला माणूस मान खाली घालून "होय साहेब" म्हणून मोकळा होतो. दंड भरावा, घर गाठावे, बैलांना वैरण घालायची आहे! त्या एका 'होय'ने आपल्यामागे कोणते दार लागले, हे त्याच्या गावीही नसते.

१८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत महात्मा गांधींनी हेच उत्तर दिले. 'यंग इंडिया'तील लेखांबद्दल राजद्रोहाचा खटला होता, समोर सेशन्स जज्ज ब्रूमफील्ड. सरकारी वकिलांचे म्हणणे पडले की, कबुली असली तरी खटला पुरता चालवावा. जज्जांनी ते मानले नाही. त्याच दिवशी सहा वर्षांची साधी कैद सुनावली. १९०८ साली लोकमान्य टिळकांनाही सहाच वर्षे झाली होती, याचा उल्लेख त्यांनी स्वतः केला. पण लोकमान्यांनी गुन्हा नाकारला होता आणि ज्यूरीपुढे दिवसचे दिवस आपली बाजू मांडली होती. गांधीजींनी दार समजून-उमजून आपल्या हातांनी लावून घेतले. अपील त्यांना करायचेच नव्हते.

हे दार म्हणजे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ४१२ वे कलम. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्यावरच तो दोषी ठरला, तर 'मी निर्दोष आहे' असे अपील त्याला करता येत नाही. शिक्षा फार झाली किंवा बेकायदा झाली, एवढीच तक्रार वरच्या कोर्टात नेता येते. इंग्रज गेले, कलम राहिले. १९७३ च्या संहितेत त्याचा क्रमांक ३७५ झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तो ४१६ आहे. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेवर सेशन्स कोर्टात जायला मुदत तीस दिवसांची.

मग ज्याला आरोपच कळला नाही, त्याचे काय? शिक्षक मंडळींनी मुलांना मुद्दाम सांगावे असे इथेच आहे. कबुली होता होईल तो आरोपीच्याच शब्दांत लिहून घ्यावी, असे कायदा सांगतो. मद्रास राज्यातील एका खटल्यात हे झाले नव्हते. तेव्हा सुप्रीम कोर्टाने बजावले की, ही नुसती कागदी रीत नव्हे, माणसाचा अपिलाचा हक्क या शब्दांवर अवलंबून आहे. मॅजिस्ट्रेटने नुसते 'कबूल' असे खरडले, तर ती कबुली टिकेलच असे नाही. माझ्या मते साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत माणुसकीची गोष्ट.

आणखी एक सापळा असतो. "कबूल कर, थोडक्यात सुटशील," असे कुणीतरी कानाशी लागते. कर्नाटकातील असाच एक खटला दिल्लीस गेला. आरोपीने सौम्य शिक्षेच्या भरवशावर कबुली दिली होती. खालच्या कोर्टाने दंडावर सोडले, पण हायकोर्टाने शिक्षा वाढवून तुरुंग दिला. सुप्रीम कोर्टाने ते अन्यायाचे ठरवले. आरोपीला आपला बचाव करता यावा म्हणून खटला पुन्हा मॅजिस्ट्रेटकडे धाडला, आणि तो मनुष्य "कबूल नाही" म्हणायला मोकळा झाला.