नष्ट करण्याच्या अटीवर जन्मलेले संगीत : अमेरिकेच्या ‘व्ही-डिस्क’ची कथा (थ्रेड)

१/ जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांच्या जगात एका बारा इंची तबकडीला आगळे स्थान आहे. दुसऱ्या महायुद्धात ती केवळ अमेरिकी सैनिकांसाठी काढली गेली. दुकानात कधीच विक्रीस आली नाही. आज ती एखाद्या संग्राहकाच्या कपाटात सापडते, तेव्हा बहुधा कोणीतरी कधीतरी सरकारी आदेश मोडलेला असतो.

२/ आरंभ १९४२ पासून. त्या काळी तबकड्यांत लाख वापरली जाई आणि अमेरिकेला ती मुख्यत्वे भारतातून मिळे : पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून. युद्धाने सागरी मार्ग असुरक्षित झाले, तर लष्करी उत्पादनालाही लाख हवी होती. परिणामी अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेवर कडक मर्यादा घातली.

३/ त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. अध्यक्ष होते जेम्स पेट्रिलो. रेडिओ आणि ज्यूकबॉक्सवर एकच तबकडी हजार वेळा वाजे आणि प्रत्यक्ष वादकाची रोजी बुडे. म्हणून तबकड्यांच्या विक्रीतला वाटा बेरोजगार वादकांच्या निधीला मिळावा, ही मागणी होती.

४/ दूरच्या तळांवरील सैनिकांना मात्र नवे संगीत हवे होते आणि लाखेच्या तबकड्या वाटेतच फुटत. १९४३ मध्ये रॉबर्ट व्हिन्सेंट या लष्करी अधिकाऱ्याने खास सैनिकांसाठी ध्वनिमुद्रण करण्याची योजना मांडली. पेट्रिलो यांनी संमती दिली ती अटींवर : तबकड्या विकायच्या नाहीत, आणि पुढे त्या मूळ साच्यांसह नष्ट करायच्या.

५/ ऑक्टोबर १९४३ मध्ये कॅम्डेन (न्यू जर्सी) येथील आरसीए व्हिक्टरच्या कारखान्यातून पहिल्या पेट्या रवाना झाल्या. लाखेऐवजी व्हिनिलाइट हे प्लास्टिक वापरात आले. त्याची तबकडी सहजासहजी फुटत नसे. मोठा आकार आणि बारीक खाचा यांमुळे एका बाजूवर सुमारे सहा मिनिटांचे संगीत मावे. बाजारातल्या दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटे मिळत.

६/ विक्री नाही म्हणून कंपन्यांच्या करारांचे अडसरही सैल झाले. लुई आर्मस्ट्राँग आणि जॅक टीगार्डन डिसेंबर १९४४ मध्ये व्ही-डिस्कसाठी एकत्र वाजवून गेले. तोस्कानिनी, ग्लेन मिलर, फ्रँक सिनात्रा हे सारे या मालिकेत आहेत. कित्येकदा कलावंत आधी सैनिकांशी दोन शब्द बोलतो, मग संगीत सुरू होते.

७/ पियानोवादक फॅट्स वॉलर यांनी सप्टेंबर १९४३ मध्ये व्ही-डिस्कसाठी ध्वनिमुद्रण केले. त्याच डिसेंबरात, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, रेल्वेप्रवासात त्यांचे निधन झाले. वादकांच्या बहिष्काराच्या काळात ही योजना नसती, तर स्टुडिओतले त्यांचे हे अखेरचे वादन मागे उरले नसते.

८/ १९४९ पर्यंत ८० लाखांहून अधिक तबकड्या निघाल्या. त्या वर्षी योजना बंद झाली आणि दिलेला शब्द पाळण्याची वेळ आली. साचे मोडले गेले, साठे नष्ट केले गेले, सैनिकांनी घरी आणलेल्या तबकड्यांवर जप्ती आली. लॉस एंजेलिसमधील एका ध्वनिमुद्रण कंपनीच्या कर्मचाऱ्याला २,५०० हून अधिक व्ही-डिस्क बेकायदा बाळगल्याबद्दल तुरुंगवास झाला.

९/ तरीही त्या उरल्या. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने संच जपला, बाकीच्या सैनिकांच्या सामानातून, माळ्यावरच्या खोक्यांतून संग्राहकांपर्यंत पोचल्या. लाल-पांढऱ्या-निळ्या लेबलावर मोठा ‘व्ही’ आणि ‘सरकारी मालमत्ता’ अशी सूचना, ही त्यांची ओळख. पोलादी सुयांनी खाचा झिजलेल्या असतात. ती झीज म्हणजे तळावर तबकडी किती वेळा लावली गेली, याचा पुरावाच.

१०/ येथे खलनायक शोधणे सोपे नाही. वादकांच्या पोटाचा प्रश्न खरा होता. शब्द पाळणारे सरकारही चुकले असे म्हणवत नाही. पण नियम काटेकोर पाळला गेला असता, तर वॉलर यांचे ते वादन आज ऐकू आले नसते. योजनेचे जनक व्हिन्सेंट यांचा छंद मात्र आवाज जपण्याचा होता. त्यांच्या संग्रहातून मिशिगन स्टेट विद्यापीठात ध्वनिसंग्रहालय उभे राहिले, आणि ते आजही त्यांच्याच नावाने चालते.