बुक्कम सिंग

बुक्कम सिंग (५ डिसेंबर, १८९३ : माहिलपूर, पंजाब, ब्रिटिश भारत – २७ ऑगस्ट, १९१९ : किचनर, ऑन्टारियो, कॅनडा) हे पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून लढलेले पंजाबी स्थलांतरित सैनिक होते. बेल्जियममधील फ्लँडर्सच्या आघाडीवर ते १९१६ साली दोनदा जखमी झाले. पुढे इंग्लंडमध्ये असताना त्यांना क्षयरोग जडला आणि त्याच आजाराने वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. महायुद्धात कॅनडाच्या वतीने लढलेल्या शीख सैनिकांपैकी ज्याची कबर कॅनडाच्या भूमीवर असल्याचे ज्ञात आहे, असे ते एकमेव सैनिक होत. सुमारे नव्वद वर्षे त्यांचे नाव विस्मृतीत गेले होते. त्यांचे एक युद्धपदक इंग्लंडमध्ये सापडल्यानंतर त्यांचा जीवनवृत्तांत उजेडात आला.

प्रारंभिक जीवन

बुक्कम सिंग यांचा जन्म पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील माहिलपूर या गावी एका जाट शीख शेतकरी कुटुंबात झाला. हा भाग सतलज आणि बियास या दोन नद्यांमधील दोआबात मोडतो. तत्कालीन रूढीप्रमाणे १९०३ साली, वयाच्या दहाव्या वर्षी, त्यांचा विवाह जालंधर जिल्ह्यातील जमशेर या गावच्या प्रीतम कौर यांच्याशी झाला.

विसाव्या शतकाच्या आरंभी दोआबातून मोठ्या प्रमाणावर देशांतर होत होते. पिढ्यानुपिढ्या वाटण्या होऊन शेतजमिनीचे तुकडे पडले होते आणि सावकारी कर्जाचा बोजा वाढला होता. ब्रिटिश फौजेत चाकरी करून परतलेले शिपाई आणि आगबोट कंपन्यांचे दलाल समुद्रापलीकडील मजुरीची वर्णने करीत. घरातील एका मुलाने परदेशी जाऊन पैसा पाठवावा आणि त्यातून गहाण पडलेली जमीन सोडवावी, हा अनेक कुटुंबांचा विचार असे. बुक्कम सिंग १९०७ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पोहोचले. पत्नी पंजाबातच राहिली.

कॅनडातील परिस्थिती

१९०४ ते १९०८ या काळात सुमारे पाच हजार भारतीय कॅनडात आले. त्यांत बहुसंख्य शीख पुरुष होते. लाकूड कापण्याच्या गिरण्या, रेल्वेमार्गांची कामे आणि शेते या ठिकाणी ते मजुरी करीत. व्हँकूवर शहरात १९०६ साली खालसा दिवाण सोसायटीची स्थापना झाली आणि १९०८ साली तेथे गुरुद्वारा उभा राहिला.

बुक्कम सिंग ज्या वर्षी कॅनडात आले, त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने भारतीय वंशाच्या रहिवाशांचा मताधिकार काढून घेतला. कॅनडाच्या संसदेची मतदारयादी प्रांताच्या यादीवर आधारलेली असल्यामुळे संसदीय निवडणुकीतील मताचा हक्कही त्याबरोबर गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात व्हँकूवरमध्ये आशियाई लोकांविरुद्ध दंगल उसळली. तिचा रोख मुख्यतः चिनी व जपानी वस्त्यांवर होता. तिच्या काही दिवस आधी सीमेपलीकडील अमेरिकेतील बेलिंगहॅम गावातून शीख गिरणीकामगारांना जमावाने हुसकावून लावले होते.

जानेवारी १९०८ मध्ये कॅनडा सरकारने ‘अखंड प्रवासा’चा नियम लागू केला. स्थलांतरिताने आपल्या मायदेशातून थेट, मध्ये कोठेही बोट न बदलता, एकाच तिकिटावर आले पाहिजे, अशी त्यात अट होती. भारत आणि कॅनडा यांच्यामध्ये अशी थेट आगबोट चालत नव्हती. त्यामुळे नियमात भारताचे नाव नसूनही भारतीयांना तो प्रवेशबंदीच ठरला. आशियाई स्थलांतरितांजवळ उतरताना दोनशे डॉलर असावेत, अशीही अट त्याच वर्षी आली. भारतीय हे कायद्याने ब्रिटिश सम्राटाचे प्रजाजन होते आणि कॅनडा हा त्याच साम्राज्याचा भाग होता, परंतु या नात्याचा त्यांना उपयोग झाला नाही. आधीच कॅनडात असलेल्या पुरुषांच्या बायकामुलांनाही हाच नियम लागू झाल्यामुळे शेकडो कुटुंबे दोन खंडांत विभागली गेली. बुक्कम सिंग आणि प्रीतम कौर यांचे कुटुंब त्यांपैकीच एक होते.

या नियमाला सर्वांत मोठे आव्हान कोमागाटा मारू या जहाजाने दिले. गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जपानी जहाज २३ मे, १९१४ रोजी ३७६ प्रवाशांसह व्हँकूवरच्या बंदरात आले. मोजके प्रवासी वगळता इतरांना उतरू देण्यात आले नाही. दोन महिने बंदरात अडकून पडल्यानंतर २३ जुलै रोजी जहाजाला परत फिरावे लागले. कोलकात्याजवळील बजबज येथे ते पोहोचल्यावर पोलिसांच्या गोळीबारात अनेक प्रवासी ठार झाले. जहाज व्हँकूवरमधून निघाल्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, ४ ऑगस्ट, १९१४ रोजी, ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि साम्राज्याचा घटक म्हणून कॅनडाही युद्धात उतरला.

सैन्यभरती

युद्धापूर्वी एक-दोन वर्षे बुक्कम सिंग ब्रिटिश कोलंबिया सोडून देशाच्या पूर्व भागातील ऑन्टारियो प्रांतात आले होते. तेथे ते शेतमजूर म्हणून काम करीत. ऑन्टारियोत वस्ती केलेल्या आरंभीच्या ज्ञात शिखांमध्ये त्यांची गणना होते.

२३ एप्रिल, १९१५ रोजी स्मिथ्स फॉल्स या गावी त्यांनी कॅनेडियन मोहीम सेनेच्या ५९व्या बटालियनमध्ये नाव नोंदवले. युद्धकाळात सहा लाखांहून अधिक लोक या सेनेत भरती झाले. त्यांच्यामध्ये ज्ञात शीख सैनिकांची संख्या मात्र जेमतेम दहा आहे. श्वेतवर्णीय नसलेल्या उमेदवारांना घ्यावे की नाही, हे बहुतांशी स्थानिक बटालियनच्या प्रमुखावर अवलंबून असे आणि अनेकांना भरतीकेंद्रावरूनच परत पाठवले जाई. ज्या प्रांतात मोठी शीख वस्ती होती आणि विरोधही तीव्र होता, तेथून दूर राहत असल्यामुळे बुक्कम सिंग यांची भरती तुलनेने सुकर झाली असावी.

ब्रिटिश भारतीय सेनेतील शीख शिपायांहून त्यांची स्थिती वेगळी होती. भारतीय सेनेत शीख पलटणींना स्वतःची परंपरा, स्वभाषिक सोबती आणि गुरुद्वाऱ्याची सोय असे. बुक्कम सिंग मात्र इंग्रजी बोलणाऱ्या, गोऱ्या सैनिकांच्या बटालियनमध्ये जवळजवळ एकटेच होते.

पश्चिम आघाडीवर

१९१५ सालीच त्यांची रवानगी इंग्लंडला झाली. तेथील प्रशिक्षणानंतर त्यांना २०व्या कॅनेडियन पायदळ बटालियनमध्ये पाठवण्यात आले आणि जानेवारी १९१६ मध्ये ते फ्लँडर्सच्या आघाडीवर दाखल झाले. १९१४च्या शरद ऋतूपासून याच भागात लढलेल्या भारतीय पायदळाच्या लाहोर व मेरठ डिव्हिजन १९१५ अखेर तेथून हलवून मेसोपोटेमियाकडे पाठवण्यात आल्या होत्या. त्यामुळे बुक्कम सिंग खंदकांत पोहोचले, तेव्हा त्या आघाडीवरील भारतीय पायदळ निघून गेले होते.

त्यांची बटालियन दुसऱ्या कॅनेडियन डिव्हिजनचा भाग होती. ईप्र या उद्ध्वस्त शहराभोवतीचा प्रदेश सखल, चिखलाचा आणि तिन्ही बाजूंनी जर्मन तोफांच्या माऱ्यात असलेला होता. एप्रिल १९१६ मध्ये या डिव्हिजनला सेंट इलोई येथे सुरुंगांच्या स्फोटांनी पडलेल्या प्रचंड खड्ड्यांभोवती लढावे लागले. २ जून, १९१६ रोजी जर्मन सैन्याने ईप्रजवळील माउंट सॉरेल या उंचवट्यावर मोठा हल्ला चढवला. त्याच दिवशी तोफगोळ्याचा तुकडा लागून बुक्कम सिंग यांच्या डोक्याला इजा झाली. उपचारानंतर ते पुन्हा खंदकात परतले. २० जुलै, १९१६ रोजी सेंट इलोई परिसरात त्यांच्या पायाला दुसरी जखम झाली आणि त्यांना आघाडीवरून हलवण्यात आले.

त्यांच्यावर फ्रान्समधील बुलोन येथील तिसऱ्या कॅनेडियन सार्वजनिक रुग्णालयात उपचार झाले. मॅगिल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उभारलेल्या या रुग्णालयाच्या औषधवैद्यक विभागाचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॉन मॅक्रे होते. फ्लँडर्समधील खसखशीच्या लाल फुलांना युद्धस्मृतीचे प्रतीक बनवणाऱ्या प्रसिद्ध इंग्रजी कवितेचे ते कवी होत. मॅक्रे यांचाही जानेवारी १९१८ मध्ये सेवेत असतानाच न्यूमोनियाने मृत्यू झाला.

आजार आणि मृत्यू

जखम भरून येण्यासाठी बुक्कम सिंग यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. केंट परगण्यात असताना १९१७ साली त्यांना क्षयाची लागण झाल्याचे आढळले. खंदकातील ओल, दाटीवाटीच्या छावण्या आणि जखमांनी आलेला अशक्तपणा यांमुळे हा रोग सैनिकांत सहज पसरे. क्षयावर परिणामकारक असे पहिले औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडले. तोवर विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार एवढाच उपाय होता.

त्यांना कॅनडाला परत पाठवण्यात आले. तेथे किचनर शहराजवळील फ्रीपोर्ट येथे क्षयग्रस्त सैनिकांसाठी असलेल्या आरोग्यधामात त्यांनी अखेरचे दिवस काढले. २७ ऑगस्ट, १९१९ रोजी तेथे त्यांचा मृत्यू झाला. युद्धबंदी होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. किचनरमधील माउंट होप दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. शीख रीतीप्रमाणे मृताचे दहन केले जाते. ते येथे झाले नाही, आणि त्यामुळेच पुढे त्यांची कबर सापडू शकली.

किचनर शहराचे मूळ नाव बर्लिन होते. जर्मनीशी युद्ध पेटल्यावर ते नाव अडचणीचे वाटू लागले आणि १९१६ साली ब्रिटिश युद्धमंत्री लॉर्ड किचनर यांचे नाव शहराला देण्यात आले. हेच किचनर १९०२ ते १९०९ या काळात भारताचे सरसेनापती होते.

विजयपदकाचा शोध

ब्रिटिश साम्राज्याच्या सैनिकांसाठी असलेले विजयपदक १ सप्टेंबर, १९१९ रोजी, म्हणजे बुक्कम सिंग यांच्या मृत्यूनंतर पाचव्या दिवशी, जाहीर झाले. या पदकाच्या मागील बाजूस संस्कृतीरक्षणासाठी झालेले महायुद्ध अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले असतात, तर कडेवर सैनिकाचे नाव व पलटण असते.

सुमारे नव्वद वर्षांनी, २००७-०८च्या सुमारास, शीख इतिहासाचे कॅनडातील अभ्यासक संदीप सिंग ब्रार यांना इंग्लंडमधील जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून असे एक पदक मिळाले. त्याच्या कडेवर शीख नाव होते, परंतु त्यापुढे भारतीय पलटणीऐवजी कॅनेडियन पायदळाची खूण होती. या विसंगतीमुळे त्यांनी शोध घेतला. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मोहीम सेनेतील प्रत्येक सैनिकाची भरतीपत्रे, वेतनाच्या नोंदी आणि रुग्णालयीन कागद जतन केलेले आहेत. त्यांच्या आधारे बुक्कम सिंग यांचा माहिलपूर ते किचनर हा प्रवास जुळवता आला आणि माउंट होप येथील कबरीचा पत्ता लागला.

स्मृती

युद्धस्मृतिदिनाच्या निमित्ताने दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात किचनर येथील कबरीपाशी शीख समाजाचा अभिवादन सोहळा होतो. सैन्यातील व पोलीस दलातील शीख अधिकारी, माजी सैनिक आणि विद्यार्थी त्यात सहभागी होतात.

ऐतिहासिक महत्त्व

बुक्कम सिंग सेनापती नव्हते आणि त्यांच्या नावावर एखादा विशेष पराक्रमही नोंदलेला नाही. ते साधे शिपाई होते. त्यांच्या जीवनाचे महत्त्व ते ज्या काळात आणि ज्या अटींवर लढले, त्यात आहे. ज्या देशाचा गणवेश त्यांनी घातला, त्या देशात भारतीय वंशाच्या माणसाला बहुतांश देशबांधव राहत असलेल्या प्रांतात मत देता येत नव्हते आणि पत्नीला आणताही येत नव्हते. १९१८च्या साम्राज्य युद्ध परिषदेत, भारताने युद्धात केलेल्या मदतीची दखल घेऊन, वसाहतींत स्थायिक झालेल्या भारतीयांच्या पत्नी व अज्ञान मुलांना प्रवेश देण्याचा ठराव झाला. कॅनडा सरकारने त्याला १९१९ साली मान्यता दिली. त्याच वर्षी बुक्कम सिंग मरण पावले. ब्रिटिश कोलंबियातील भारतीयांना मताधिकार परत मिळण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. कोमागाटा मारू प्रकरणी कॅनडाचे पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी १८ मे, २०१६ रोजी संसदेत औपचारिक क्षमायाचना केली.

कॅनडातील शीख समाज हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्यांचा समाज आहे, असा समज तेथे दीर्घकाळ रूढ होता. बुक्कम सिंग यांची कबर आणि त्यांचे पदक हे त्या समजाला उत्तर देणारे दोन ठोस पुरावे मानले जातात.