श्वासाची कळ आणि पुण्याचा इतिहास

श्वास घेतांना छातींत उठणारी कळ हें मनुष्याच्या फार जुन्या ओळखीचें दुखणें आहे. पण ती कळ कोठून येते, हें समजावयास फार काळ लागला. लढाया आणि तहनामे इतिहासांत नोंदले जातात. छातीच्या दुखण्यांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाहीं. तथापि एका पुणें शहरापुरतें पाहिलें, तरी या दुखण्यांनीं येथील कर्तीं माणसें ऐन उमेदींत नेलीं व इतिहासास निराळेंच वळण लावलें, असें दिसून येईल.

प्राचीन वैद्यांचें या बाबतींतील निरीक्षण बारीक होतें. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं तमकश्वास म्हणजे लोक ज्यास दमा म्हणतात तोच. राजयक्ष्म्याच्या लक्षणांत खोकला, ज्वर, बरगड्यांतील शूळ, आवाज बसणें व रक्त पडणें हीं एकत्र दिलीं आहेत. घशाचें आणि छातीचें दुखणें एकाच मुळापासून निघूं शकतें, हें त्या वैद्यांनीं ओळखिलें होतें. परंतु जिवंत माणसाच्या छातीच्या आंत काय चाललें आहे, हें जाणण्याचें खात्रीचें साधन त्या काळीं जगांत कोणापाशींच नव्हतें.

तें साधन प्रथम पुढें आलें १७६१ सालीं, म्हणजे पानिपतच्याच वर्षीं. व्हिएन्ना येथील औएनब्रुगर नांवाच्या वैद्यानें एक लहानसें लॅटिन पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचा बाप खाणावळीवाला. पिंपांत दारू कोठवर आहे हें पिंपावर टिचकी मारून ओळखतात, तशीच छाती बोटांनीं ठोकून आंत पाणी सांचलें आहे कीं नाहीं हें ओळखतां येतें, असें त्यानें दाखविलें. पण १८०८ सालीं कोर्व्हिसार या फ्रेंच वैद्यानें भाषांतर करीपर्यंत त्याची फारशी दखल कोणी घेतली नाहीं.

त्याच १७६१ सालीं सोळा वर्षांचे माधवराव पेशवे गादीवर आले. राक्षसभुवनावर त्यांनीं निजामाचा मोड केला, हैदरास नमविलें, पानिपतानें खचलेलें राज्य पुन्हां उभें केलें. परंतु १७७० च्या कर्नाटकच्या मोहिमेंत क्षयानें प्रकृति ढांसळून त्यांस परत फिरावें लागलें. वैद्यांचे उपाय चालले, अनुष्ठानें झालीं. पण गुण आला नाहीं. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें चिंतामणीच्या सन्निध, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. वर्ष लोटतें न लोटतें तोंच शनिवारवाड्यांत नारायणरावांचा खून झाला व गृहकलहानें इंग्रजांस वाट करून दिली. पानिपतही या मृत्यूहून अधिक घातक नव्हतें, असा अभिप्राय ग्रँट डफ या इतिहासकारानेंही दिला आहे.

पुढें १८१६ सालीं फ्रान्समध्यें लायनेक यानें कागदाची सुरळी छातीस लावून आंतील आवाज ऐकिला आणि त्यांतून स्टेथॉस्कोप निघाला. १८८२ सालीं बर्लिन येथें कॉख यानें क्षयाचा जंतु दाखविला. त्यानंतर चारच वर्षांनीं डॉ. आनंदीबाई जोशी अमेरिकेंत वैद्यकाची पदवी घेऊन स्वदेशीं परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयांत त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु तें काम करणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, क्षयानें पुण्यांत त्यांचें निधन झालें. माधवरावांच्या वेळीं रोगाचें कारण अज्ञात होतें. आनंदीबाईंच्या वेळीं कारण कळलें होतें, पण औषध नव्हतें.

एकाच लक्षणाचीं मुळें किती भिन्न असतात, याचें उदाहरण फर्ग्युसन कॉलेजाच्याच दोन अध्यापकांत सांपडतें. प्रिन्सिपॉल आगरकर यांस दम्यानें जन्मभर छळिलें. १७ जून १८९५ रोजीं, चाळिशीही न गांठतां, ते गेले. गोपाळराव गोखले १९१५ सालीं वारले; त्यांसही मधुमेहाबरोबर श्वासाचा विकार होता, परंतु त्याचें मूळ हृदयांत होतें असें सांगतात. धाप तीच, पण एकाची श्वासनलिकांतून, दुसऱ्याची हृदयांतून!

१९१८ सालीं इन्फ्लुएन्झाची सांथ मुंबईंतून देशभर पसरली. मृतांचा अंदाज एक कोटीच्या बराच वर जातो. घसा सोलवटल्यासारखा होई, छातीच्या मध्यभागीं आग होई आणि अनेकांस न्युमोनिया गांठी. दोनच वर्षांनीं, १ ऑगस्ट १९२० रोजीं, लोकमान्य टिळकांचा मुंबईस सरदारगृहांत अंत झाला, तो न्युमोनियानेंच.

या कळेची उपपत्ति आतां स्पष्ट झाली आहे. फुप्फुसास स्वतःस वेदना होत नाहीं. वेदना होते ती त्यावरील आवरणाच्या बाहेरच्या पदरास. त्यास सूज आली कीं श्वासागणिक पदर घांसतात व सुरी खुपसल्यासारखी कळ येते, हीच प्लुरसी. मग पदरांमध्यें पाणी सांचलें म्हणजे घर्षण थांबतें आणि कळ कमी होते! रोगी समजतो, बरें वाटलें. वस्तुतः रोग वाढलेला असतो, आणि औएनब्रुगरची टिचकी तेथें बद्द आवाज देते. याउलट खोकून खोकून बरगडीचे स्नायु दुखावले, तर बोटानें दाबतांच ती जागा दुखते. जठरांतील आम्ल वर आलें तर घसा व छाती जळते. पायांतील रक्ताची गांठ फुप्फुसांत अडकली तर एकाएकीं कळ व धाप येते. आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखा भार, घाम, हातांत वा जबड्यांत जाणारी वेदना हीं हृदयविकाराचीं चिन्हें होत. या शेवटच्या दोहोंत घटकाभरही न दवडतां रुग्णालय गांठावें.

क्षयावर स्ट्रेप्टोमायसीन सांपडलें तें १९४३ सालीं, अमेरिकेंत. १९५४ सालीं तर पुण्याच्या वेशीशींच, पिंपरीस, सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. तेथें पेनिसिलीन आणि पुढें स्ट्रेप्टोमायसीनही तयार होऊं लागलें. ज्या रोगापुढें थेऊरास एका पेशव्याचें सारें वैभव हात टेकून बसलें, त्याची तपासणी व औषधें सरकारी दवाखान्यांत गरिबासही फुकट मिळतात. बहुतेक रोगी सहा महिन्यांच्या औषधानें बरे होतात. मात्र मध्येंच औषध सोडलें तर जंतु त्यास दाद देईनासे होतात. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तरी घरगुती काढ्यावर दिवस काढणारीं सुशिक्षित कुटुंबें कमी नाहींत. माधवरावांपाशीं वैद्य होते, पण उपाय नव्हता. आनंदीबाईंपाशीं ज्ञान होतें, पण औषध नव्हतें. त्या दोघांस जें मिळालें नाहीं तें दाराशीं असतां केवळ आळसानें वा लोकलाजेनें तपासणी टाळणें, हा त्यांच्या अकालीं मृत्यूपासून कांहींच न शिकल्याचा पुरावा होय.