न सुनावलेली शिक्षा

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्रीं बर्लिनचें संसदगृह पेटलें आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे कार्ल फॉन ओसिएट्स्की या संपादकाला पोलिसांनीं धरून नेलें. जर्मनीच्या गुप्त विमानसज्जतेला १९२९ मध्यें त्याच्या साप्ताहिकानें वाचा फोडली होती. नाझी राजवटीनें त्याच्यावर खटला भरला नाहीं. छळछावणींत मारहाण व काबाडकष्ट मात्र वांट्यास आले. क्षय जडला, तरी योग्य उपचार झाले नाहींत. जगभर ओरड झाल्यावर १९३६ मध्यें त्याला इस्पितळांत हलविलें, तेंहि पहाऱ्यांत. त्याच वर्षीं नोबेल शांतता-पारितोषिक जाहीर झालें. तें नाकारावें म्हणून गोअरिंगनें दडपण आणलें. खंगलेला रोगी बधला नाहीं. ४ मे १९३८ रोजीं तो वारला. देहान्ताची शिक्षा कोणत्याहि न्यायाधीशानें सुनावली नव्हती; वेळेवर न मिळालेल्या औषधोपचारानेंच ती अमलांत आली.