कंदिलाच्या उजेडात इंद्रसभा

वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी अखेरची पाच, क्रमांक ३० ते ३४, ही जैन लेणी होत. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास ती कोरली गेली. घाटकोपरहून जाणाऱ्या यात्रेकरूंचा दिवस बहुधा कैलास लेण्यातच सरतो, आणि उत्तर टोकाची ही लेणी घाईघाईत उरकली जातात. वास्तविक ती सावकाश, हाती कंदील घेऊन पाहण्याजोगी आहेत.

बत्तिसावे लेणे 'इंद्रसभा' या नावाने ओळखले जाते. परंतु ते नाव गैरसमजातून पडले. हत्तीवर आरूढ झालेली यक्षमूर्ती पाहून तो इंद्रच, असे पूर्वीच्या प्रेक्षकांनी मानले. समोर सिंहारूढ अंबिका आहे, तिच्या मस्तकावर फळांनी लगडलेला आम्रवृक्ष. प्रांगणात उजेड भरपूर. मात्र दालनात पाऊल टाकताच डोळे अंधारतात. विजेच्या झोताने मूर्ती सपाट दिसते. तेच बाजूने मंद प्रकाश धरला, की बाहुबलींच्या अंगावर चढलेली वेल उठून दिसते आणि पार्श्वनाथांवरील नागफणांच्या सावल्या भिंतीवर सरकू लागतात.

तथापि ज्योत आत नेणे इष्ट नाही. या लेण्याच्या छतावर रंगचित्रांचे अवशेष आजही आहेत, आणि काजळी हा चित्रांचा वैरी होय. नीट दिसावे या हौसेपायी चित्रांचे काय होते, हे अजिंठ्यात दिसून आले आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांसह तेथील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश चढविले गेले. कालांतराने ते पिवळे पडले आणि मूळ रंग झाकोळले. हेतू चांगला होता, एवढेच म्हणावयाचे!

दुसरा विचार जयणेचा. उघड्या ज्योतीवर पतंग झेपावतात, म्हणूनच देरासरात दिवा काचेच्या आवरणात ठेवण्याची चाल आहे. जी काळजी मंदिरात, ती लेण्यात का नसावी? लेण्यांतील वटवाघळांनाही प्रखर प्रकाशाचा त्रास होतोच. यावर सोपा उपाय म्हणजे कंदिलाच्या आकाराचा, काचबंद, बॅटरीवरचा मंद दिवा. त्यात धूर नाही, उष्णता नाममात्र.

रात्रीच्या सहलीचा प्रश्न मुळातच उद्भवत नाही. लेणी सूर्योदय ते सूर्यास्त खुली असतात व मंगळवारी बंद असतात. १९५८ च्या कायद्यान्वये त्यांना संरक्षण आहे. आगाऊ अनुमती पुरातत्त्व खात्याच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील कार्यालयाकडून घ्यावी. आतील अंधार भर दुपारीही पुरेसा असतो, आणि दुपारी निघाल्यास चौविहारापूर्वी मुक्कामी परतता येते. एका वेळी दहा-बारा जणच आत जावेत. गर्दीच्या श्वासाने दमट हवा वाढते, आणि कंदिलापुढे दहा सावल्या पडल्या तर मूर्ती दिसणार कशी? चातुर्मास अर्थातच वगळावा.

खाली कंदील विझवून जे टेकडी चढतील त्यांना भव्य पार्श्वनाथमूर्तीचे दर्शन घडेल. तिच्यावरील लेखात शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५, ही मिती आणि चक्रेश्वर या दात्याचे नाव कोरलेले आहे. या टेकडीला त्या लेखात 'चारणाद्री' म्हटले आहे.