शिकारी रायफल : धक्का व गोळी

मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठी रायफल निवडताना नेमबाजाच्या खांद्यास बसणारा धक्का (प्रतिक्षेप) आणि गोळीची घडण या दोन्ही बाबींचा एकत्र विचार करावा लागतो. गोळी व दारूचे वायू ज्या संवेगाने नळीबाहेर पडतात, तितक्याच संवेगाने रायफल मागे येते. संवेग कायम राहिल्यास रायफलीचे वजन दुप्पट केल्याने धक्क्याची ऊर्जा निम्मी होते खरी, परंतु ते ओझे घेऊन डोंगर चढणे दुष्कर ठरते. शिवाय धक्क्याच्या धास्तीने चाप ओढतानाच नेम ढळला, तर गोळी कितीही जड असली तरी मर्मस्थान चुकते आणि जनावर जखमी होऊन रानात शिरते.

ब्रिटिश अमदानीत गवा व वाघ यांसाठी जड दुनळी रायफली रूढ होत्या. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० इंच व्यासाच्या रायफलींना हिंदुस्थानात मनाई केल्यावर विलायती कारागिरांनी .४७० इंचासारखी मापे प्रचारात आणली. .४७० रायफलीची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची असे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना मिळालेल्या .२७५ रिग्बी रायफलीची गोळी याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच, तरीही अचूक नेमामुळे ती पुरेशी ठरे.

जड गोळीकडून हलक्या गोळीकडे वळण्याच्या या बदलास गोळीच्या सुधारणेने आधार दिला. मऊ टोकाची शिशाची गोळी लवकर पसरते, पण हाडावर आदळून फुटते. संपूर्ण कवचाची गोळी खोल जाते, पण पसरत नाही. जॉन नॉस्लर यांनी १९४० च्या दशकात आडव्या पडद्याने दुभागलेली गोळी सिद्ध केली; तिचा पुढचा भाग पसरतो व मागचा आत शिरतो. संपूर्ण तांब्याची गोळी वजन जवळजवळ न गमावता पसरते आणि शिशाच्या कणांनी मृतभक्षी पक्ष्यांना होणारी विषबाधा टाळते.

लष्करी .३०३ काडतुसास खाजगी परवाना मिळत नसल्याने भारतात .३१५ इंची रायफल प्रचलित झाली. तिची काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना, उदाहरणार्थ ठाणे जिल्ह्यातील भिवंडी शहरात, ठाण्याचे पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हा दंडाधिकारी देतात. तथापि शस्त्राचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे : १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस मनाई केली असून, भिवंडीशेजारच्या शहापूर व वाडा तालुक्यांत पसरलेल्या तानसा अभयारण्याबाहेरील रानासही ती लागू आहे. माणसाच्या जिवावर उठलेले जनावर मारण्याचा हुकूम मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ अन्वये देऊ शकतात.